वाटीच्या आत पाच गोळ्या

नजरेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! केबिन रोडवर माझं चष्म्याचं दुकान आहे. भाईंदर पूर्वेतली अर्धी जनता आज जे काही बघते, ते माझ्यामुळे बघते. त्यामुळे बाबांच्या जुन्या रायफलीवर दुर्बीण बसवायची ठरली, तेव्हा मी घरात छाती पुढे काढून जाहीर केलं, "हे काम माझं! भिंगं काय, काचा काय, नेम काय, सगळं एकच शास्त्र आहे. एका रविवारात बंदूक सरळ करून दाखवतो!"

एका रविवारात! हे वाक्य समिधाने, म्हणजे माझ्या बायकोने, पुढे मला इतक्या वेळा ऐकवलं की आता मला रविवार हा वारच आवडेनासा झालाय.

आधी बंदुकीची ओळख करून देतो. आम्ही भाईंदरच्याच मोरवा गावचे जुने रहिवासी. खाडीच्या बाजूला आमची भातशेती होती, थोडं मिठागर होतं, आणि भात पिकायला आलं की रानडुकरं यायची. त्यांच्यासाठी बाबांनी तरुणपणी लायसन्स काढून ही पॉइंट टू टू रायफल घेतली. पुढे शिकारीवर बंदी आली. मग डुकरं गेली, शेत गेलं, मिठागर गेलं, त्या जागी इमारती आल्या. बंदूक तेवढी राहिली. ती लोखंडी कपाटात असते आणि कपाटाची चावी बाबांच्या कमरेच्या करगोट्याला असते. चावी आंघोळीलाही निघत नाही. घरात बाकी सगळं माझ्या नावावर झालं, घरपट्टी धरून, पण चावी काही झाली नाही.

तर यंदा लायसन्सची मुदत संपत आली आणि बाबा म्हणाले, "मी आता रिन्यूअलला न्हाय जात. त्या रांगंत उभं ऱ्हायाला पाय न्हाय राहिलं. बास झालं. योगेंद्रच्या नावावर करायची तं करू, न्हाय तं पोलिसात जमा करून मोकलं होऊ."

"माझ्या नावावर!" मी ताबडतोब म्हणालो.

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला चालवता येते काय?"

आता इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, नाहीतर मी त्या रायफलीसाठी एवढा का तडफडलो ते तुम्हाला कळणार नाही. माझ्या वडलांनी मला आजवर कधी 'शाब्बास' म्हटलेलं नाही. दहावीला फर्स्ट क्लास आला, म्हणाले "बरं." दुकान उघडलं, म्हणाले "बघू." समिधाशी लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडलांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी चांगली हाय तुमची, अजून इचार करा." वयाची पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण हा शब्द काही माझ्या कानावर पडला नाही. मला ती बंदूक नको होती हो! मला मारायचंय काय, डासाशिवाय या भाईंदरमध्ये मारण्यासारखं आहे तरी काय! मला फक्त बाबांनी ती चावी सोडून माझ्या हातात ठेवायला हवी होती, आणि ठेवताना तो शब्द म्हणायला हवा होता.

पहिला रविवार अगदी झकास गेला. घोडबंदरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक रायफल क्लब आहे, तिथे आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मी, बाबा आणि माझा मित्र एडविन. बाबांना नेणं भागच, कारण लायसन्स त्यांचं. त्यांच्याशिवाय बंदूक घराबाहेर निघू शकत नाही. एडविन चौकचा. उत्तनच्या पुढचं ते कोळीवाड्याचं गाव, तिथला. जहाजावर इंजिन फिटर म्हणून जन्म काढून आता घरी बसलाय आणि कोणाचं काही बिघडलं की त्याच्या अंगात उत्साह संचारतो. मिक्सर, मोटर, कोणाचा संसार, काहीही!

क्लबच्या प्रशिक्षक टॅनिया मॅडम. त्यांनी सांगितलं, "सर, दुर्बिणीतून जिथे बघता तिथेच गोळी गेली पाहिजे. तसं जुळवून घ्यायचं, त्याला आम्ही झिरो करणं म्हणतो. एकदा झिरो केला की तो टिकला पाहिजे."

"टिकेल की!" मी म्हणालो. दुर्बिणीच्या दोन चकत्या फिरवल्या, एक वरखाली करणारी, एक डावीउजवीकडे. चष्म्याचा नंबर काढतो तसंच! थोड्या वेळात पन्नास मीटरवरच्या कागदावर माझ्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसायला लागल्या. एडविन ओरडला, "आयला योगेंद्र, तू तं कमांडो हाय!" मी हळूच मागे पाहिलं. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत छत्री उघडून बसले होते. डोळ्यांना जुनी दुर्बीण लावलेली.

"हं," ते म्हणाले.

परत येताना गाडीत त्यांनी अट घातली. घरी गेल्यावर आमटीची स्टीलची वाटी मागवली, कागदावर उपडी ठेवली आणि पेन्सिलने तिच्याभोवती गोल काढला. "मुदत संपायच्या आधी एक दिवस परीक्षा. पाच गोल्या. पाचीच्या पाची ह्या वाटीच्या आत. एक जरी भायेर गेली तं बंदूक पोलिसात."

"एवढंच ना!" मी म्हणालो. त्या वेळी माझी मान मखरातल्या गणपतीपेक्षा ताठ होती.

दुसऱ्या रविवारी सरावाला निघालो. दारात आई उभी! हातात ताट, निरांजन, हळदकुंकू, अक्षता. "परीक्षा हाय ना पोराची," ती म्हणाली. मंजुळाबाईंचा, म्हणजे आईचा, हा शिरस्ता आहे. माझ्या प्रत्येक परीक्षेला तिने मला दहीसाखर देऊन आणि कंपासपेटीला कुंकू लावून पाठवलंय. बंदूक काय नि कंपासपेटी काय! तिने बाबांना बंदूक कव्हरमधून काढायला लावली, ओवाळली, नळीवर भरपूर अक्षता टाकल्या, मला दहीसाखर दिली आणि आम्ही निघालो.

पहिली गोळी झाडली. दुर्बिणीत वाटीचा अगदी मध्य दिसत होता. गोळी वाटीच्या उजवीकडे चांगली वीतभर लांब!

"वारा असेल," मी म्हणालो. दुसरी आणखी उजवीकडे. मी चकती फिरवून जुळवलं. दोन गोळ्या बऱ्या गेल्या, आणि तिसरी थेट डावीकडे वर! म्हणजे मगाशी रस्ता चुकलेली आता दुसऱ्याच गावाला निघाली!

बाबांनी छत्री मिटली. "चष्मं इक तू," ते म्हणाले.

तिथून माझे हाल सुरू झाले. झिरो करायचा, टिकायचा नाही. पुन्हा करायचा, पुन्हा पळायचा. एडविनने निदान केलं, "स्क्रू! योगेंद्र, जगात सगला प्रॉब्लेम स्क्रूचा असतो. जहाज बुडतं ना, तेपण स्क्रूमुळेच." त्याने बंदूक त्याच रविवारी आमच्या घरी, बाबांच्या देखत, टेबलावर आडवी केली आणि दुर्बिणीचे सगळे स्क्रू पिळून काढले. मग लाकडी दस्त्याचे स्क्रू जरा सैल करून पुन्हा आवळले, आणि पुढे दर रविवारी आवळत राहिला. मग हात थांबेनात म्हणून त्याने आमच्या टेबलाचे, खुर्च्यांचे आणि पंख्याच्या रेग्युलेटरचे स्क्रूही आवळले. टेबल आता अजिबात हलत नाही. बंदूक मात्र होती तशीच!

तिसऱ्या रविवारी आईने दुप्पट अक्षता टाकल्या. गोळ्या खाली गेल्या. एडविन म्हणाला, "समुद्राची हवा. गंज असंल." आम्ही नळी ब्रशने घासली, तेलाने पुसली, पुन्हा घासली. चौथ्या रविवारी आईने ओवाळताना वर मीठमोहऱ्याही उतरवल्या, "कोनाची तरी नजर लागली हाय" म्हणत. गोळ्या परत उजवीकडे! मी गोळ्यांचा छाप बदलला. दुर्बीण बदलली, नवी आणली, महागातली, ते समिधाला अजून माहीत नाही. (आता झालं.) काही फरक नाही!

टॅनिया मॅडमना माझी दया येऊ लागली होती. "सर, बंदूक कधी कधी ठीक असते. तुम्ही श्वास नीट सोडताय ना? अर्धा सोडायचा, धरायचा, मग ट्रिगर."

झालं! मी दिवसभर श्वासाचा सराव करायला लागलो. दुकानातसुद्धा. एक दिवस सुगंधाबाई नावाच्या एक गिऱ्हाईक डोळे तपासायला बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "खालची ओळ वाचा," आणि अर्धा श्वास सोडून धरला. एकाग्रतेसाठी डोळेही मिटले. बाईंनी ओळ वाचली. मी गप्प. त्यांनी पुन्हा वाचली. मी गप्प. मग त्या एवढ्या जोरात किंचाळल्या की शेजारचा साडीवाला धावत आला आणि ओरडला, "भाईसाब को कुछ हो गया! खडे खडे गये!" मी डोळे उघडून म्हणालो, "मी नेम धरत होतो." यावर बाई पर्स उचलून निघून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. फ्रेमचा अॅडव्हान्सही मागायला आल्या नाहीत, म्हणजे बघा किती घाबरल्या असतील.

आणि केबिन रोड म्हणजे काय विचारता! एका टोकाला कोणी शिंकलं की दुसऱ्या टोकाला काढा उकळतो. संध्याकाळपर्यंत बातमीने रूप बदललं. साडीवाला खालच्या आवाजात मला म्हणाला, "योगेंद्रभाई, सुना है आप को सामने का दिखता नहीं? बंदूक भी चलाते हो तो इधर उधर जाती है?"

"दिखता है!" मी ओरडलो. "बंदूक में प्रॉब्लेम है!"

"हां हां, बंदूक में," तो म्हणाला आणि जाताना दुकानाच्या काचेच्या दरवाज्याकडे बोट दाखवून म्हणाला, "संभाल के. दरवाजा बंद है."

त्या आठवड्यात दोन जुनी गिऱ्हाइकं नवा चष्मा करायला समोरच्या दुकानात गेली. माझ्या डोळ्यांदेखत! म्हणजे ते मला नीट दिसलं, एवढा तरी पुरावा माझ्याकडे होता.

घरी समिधा म्हणाली, "अहो, एकदा तुमचेच डोळे तपासून बघूया ना. राग नका मानू."

"चल!" म्हणालो. दुकानात गेलो. मी खुर्चीत, ती तक्त्यापाशी. वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं.

"तो तुम्हाला पाठ आहे," ती शांतपणे म्हणाली. मग तिने कागदावर स्वतःच्या हाताने बारीक अक्षरं लिहिली आणि लांब उभी राहिली. मी वाचलं: "दूध संपलंय. येताना आणा."

डोळे ठणठणीत होते. दूध आणलं. पण मग दोष कोणाचा? बंदुकीचा नाही, दुर्बिणीचा नाही, गोळ्यांचा नाही, वाऱ्याचा नाही, डोळ्यांचा नाही! उरलं कोण? मी!

पाचव्या रविवारी मी खचलो. खोटं कशाला बोलू, क्लबच्या गेटबाहेर गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून मी बसून राहिलो. बाबा मागच्या सीटवर बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणालो, "बाबा, जमा करून टाकू या. माझ्याच्याने नाही होत." मला वाटलं होतं ते म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. पण ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. घरी पोचल्यावर उतरताना एवढंच म्हणाले, "मुदत अजून हाय."

परीक्षेला आठवडा उरला. एडविन आपल्या आयरिनला, म्हणजे त्याच्या बायकोला, घेऊन घरी आला. येताना सुके बोंबील आणि हत्यारांची पेटी. "आता ऑपरेशन!" तो म्हणाला. "पूर्ण खोलायची. आत्माराम काका, परमिशन द्या."

बाबांनी करगोट्याची चावी काढली, बंदूक आणली, रिकामी आहे हे दोनदा बघितलं आणि टेबलावर ठेवली. सगळे भोवती जमले. एडविनने दस्त्याचे स्क्रू सोडले आणि नळी लाकडातून अलगद वर उचलली.

टेबलावर तांदूळ सांडले!

चिमूटभर नाही हो, मूठभर! नळी आणि लाकूड यांच्यामध्ये जी बारीक फट असते, ती फट पूर्ण कुंकवाच्या अक्षतांनी ठासून भरलेली होती. काही दाणे अख्खे, काही चिरडून पीठ झालेले, काही तेल पिऊन फुगलेले. नळीला त्या फटीत मोकळं राहायचं असतं, असं टॅनिया मॅडमनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि मी 'माहीत आहे' म्हणालो होतो. गोळी सुटली की आतला एक दाणा फुटायचा आणि नळी डावीकडे सरायची. दुसरा फुटला की उजवीकडे! मी दर रविवारी झिरो करत होतो, आणि दर रविवारी निघताना दारात त्याच्यावर तांदळाची नवी भर पडत होती!

"आई!" मी ओरडलो.

आईने पदराला हात पुसले. "मंग काय, पोराची परीक्षा आन् मी नुसती बसू?"

"अगं, नेम चुकायला लागला की तू आणखी टाकायचीस!"

"चुकायला लागला म्हनूनच तं जास्त टाकायची!" ती म्हणाली. यावर जगातल्या कोणत्याही रायफल क्लबकडे उत्तर नाही.

समिधा हसून हसून खाली बसली. पण एडविन हसत नव्हता. तो घाईघाईने तांदळात बोटं घालून काहीतरी शोधत होता. मी त्याचा हात धरला. त्याच्या चिमटीत बारीकसं चपटं पदक होतं, त्यावर बाळाला कडेवर घेतलेला संत!

"हे काय?"

एडविनने आयरिनकडे पाहिलं. आयरिन म्हणाली, "सेंट अँथनी हाय ते. हरवलेली वस्तू सापडून देतो. मीच एडविनला बोलली, योगेंद्रचा नेम हरवलाय, तं स्क्रू आवळताना आत ठेव. काय चुकलं?"

"वैनी, नळीखाली ठेवलंत!"

"मंग नेम कुठे असतो? नळीतच ना?"

मी कपाळावर हात मारला. पूर्ण मीरा-भाईंदर माझ्यासाठी प्रार्थना करत होतं आणि ते सगळे आशीर्वाद एका बारीकशा फटीत कोंबले जात होते! एडविन खालमानेने लाकडाची खाच पुसत होता. पुसता पुसता थांबला. खाचेच्या अगदी टोकाला, जिथे कोणाचा हात जाणार नाही अशा जागी, वर्तमानपत्राची एक बारीक पुडी अडकली होती. त्याने ती चिमट्याने ओढली. उघडली. आत राखाडी भुकटी.

"अंगारा," समिधा म्हणाली. "गावदेवीचा दिसतोय. आई, हा पण तुम्हीच?"

"मी न्हाय," आई म्हणाली. "मी तांदूल. अंगारा माझा न्हाय."

एडविनने दोन्ही हात वर केले. आयरिनने मान हलवली. कपाट बंद असतं. चावी एकाच माणसाकडे असते. सगळ्यांनी हळूहळू माना वळवल्या.

बाबा खिडकीपाशी उभे राहून बाहेरच्या इमारतीवरची कबुतरं बघत होते. फार मन लावून. आयुष्यात त्यांनी कबुतरांकडे ढुंकून पाहिलेलं नाही.

"बंदुकीला लावलाय," ते न वळता म्हणाले. "तुला न्हाय."

ज्या माणसाने मला पाच रविवार छत्रीखाली बसून 'चष्मं इक' म्हटलं, तो माणूस चालताना गुडघे कुरकुरत असताना गावदेवीच्या देवळापर्यंत गेला होता, अंगारा घेऊन आला होता आणि कोणाला न सांगता बंदुकीत लपवून ठेवला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन ग्लास पाणी प्यालो.

बंदूक स्वच्छ झाली. नळी मोकळी झाली. पदक आयरिनच्या पर्समध्ये गेलं, अंगारा बाबांच्या खिशात. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबांना सोबत नेऊन मी झिरो केला. दहा गोळ्या झाडल्या, दहाही एका ठिकाणी! टिकला! मी टॅनिया मॅडमच्या पाया पडायचा बाकी होतो.

परीक्षेच्या दिवशी आईला दारात लांब उभं केलं आणि हात जोडून सांगितलं की मला कितीही दहीसाखर दे, बंदुकीला हात लावू नकोस. ती रुसली, पण ऐकलं.

क्लबमध्ये त्या दिवशी गर्दी होती. मी तीन नंबरच्या जागेवर, एडविन सोबतीला म्हणून क्लबची रायफल घेऊन चार नंबरवर. दोघांच्याही कागदांवर बाबांनी वाटीचा गोल काढून दिला होता, एडविनलाही, "तुझाबी हात बघू" म्हणून. बाबा मागे खुर्चीत. छत्री मिटलेली. जुनी दुर्बीण डोळ्यांना.

मी झोपून नेम धरला. अर्धा श्वास सोडला. दुर्बिणीत वाटी. ठो! मध्यावर! माझा माझ्यावर विश्वास बसेना. दुसरी. पहिलीला खेटून! तिसरी. चौथी. मग मी थांबलो, मनात म्हटलं, बाबांनी अंगारा ठेवला होता, आणि पाचवी सोडली. पाचही वाटीच्या आत! वाटीच्या काय, चहाच्या बशीतल्या छोट्या खळगीएवढ्या जागेत!

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते. त्यांचा आवाज सबंध मैदानभर घुमला.

"शाब्बास!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी उठून वळणार एवढ्यात तो आवाज पुढे म्हणाला, "शाब्बास रे एडविन! याला म्हनतात नेम!"

एडविन कानात बोळे घालत होता. त्याने एक बोळा बाहेर काढला. "काय, काका?"

"पाचीच्या पाची आत! वा!"

"कोनी? मी?" एडविन गोंधळला. "काका, मी अजून गोली भरलीच न्हाय!"

टॅनिया मॅडमनी आपली मोठी दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी तीन नंबरचा कागद बघितला. कोरा. मग चार नंबरचा. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी माणूस गेलेल्या घरात बघतात तसं. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही शेजारच्या टार्गेटवर मारलंत. तुमच्या कागदावर एकही नाही. नियमाने… धरता येत नाही."

दुर्बिणीत आकडा दिसत नाही हो! नुसती वाटी दिसते! आणि वाट्या दोन होत्या! मी हे ओरडून सांगितलं, एडविननेही सांगितलं, "काका, नेम त्याचाच हाय, फक्त पत्ता चुकला." बाबांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं. छत्री काखेत मारली. दुर्बीण गळ्यात टाकली.

"गारी काढ," ते म्हणाले.

वाटेत फाउंटन हॉटेलचा सिग्नल गेला, काशीमिरा गेलं. मी मनात पोलिसात द्यायचा अर्ज लिहीत होतो. घरी आलो. आई धावत दारात आली. "काय झालं? पास?"

बाबांनी चप्पल काढली. बंदूक कपाटात ठेवली. कुलूप लावलं. चावी करगोट्याला बांधून गाठ दोनदा ओढून बघितली. मग खुर्चीत बसून कपाळावरचा घाम पुसला आणि आईला म्हणाले, "मंजुळा, तो रिन्यूअलचा फॉर्म मागव. रांगंत मीच जाईन."

"आन् योगेंद्रच्या नावावर?"

"न्हाय जमत त्याला." बाबांनी एक लांब उसासा सोडला. "अजून पाच वर्सं तरी मना जगायला लागल. हे ह्याच्यावर टाकून मरता यायचं न्हाय."

आईने आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि तिचं तोंड असं उजळलं, की मी परीक्षेत पास झालो तेव्हाही कधी उजळलं नसेल! ती स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने तुपात रवा भाजल्याचा वास आला. नापास मुलासाठी शिरा! असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

मग बाबा रिन्यूअलच्या रांगेत माझ्या खांद्यावर हात ठेवून तासभर उभे राहिले, आणि पायांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. उलट रांगेतल्या सगळ्यांना रानडुकराची गोष्ट सांगितली. आता पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा घेणार म्हणतायत, हीच अट, हीच वाटी. दर रविवारी सरावाला चल म्हणून तेच मला उठवतात.

मी जातो. माझा हात आता चांगलाच बसलाय. पण तुम्हाला म्हणून सांगतो, आणि कृपा करून मोरव्यात कोणाला बोलू नका: पाच वर्षांनी मी कितव्या नंबरच्या कागदावर नेम धरणार, ते माझं ठरलेलं आहे. शेजारच्या!